काकीची सेवा जमली. पेशंटची जमेल का?

साखळीच्या एका मुलीचा प्रश्न आलाय. वय २०, बारावी कॉमर्समधून, सध्या बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या वर्षी काकीला स्तनाचा कॅन्सर निघाला. आधी ऑपरेशन झालं, मग दर २१ दिवसांनी केमो. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातल्या जवळजवळ सगळ्या फेऱ्यांना हीच सोबत होती. काकी आता बरी आहे, तपासण्या चालू आहेत. "काकी म्हणते तुझा हात हलका, तू सिस्टरच हो. घरचे म्हणतात आधी बी.कॉम. पुरं कर. माझं तर अकाउंट्समधलं मनच उडालंय. नर्सिंगला जाऊ का, की उशीर झाला?"

उशीर झालेला नाही, हे आधी सांगून टाकते. पण तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. 'मला प्रवेश मिळेल का' हा सोपा, नियम बघितले की सुटतो. दुसरा असा की तुला आवडली ती काकीची सेवा, की रुग्णसेवा? घरच्या माणसासाठी रात्र जागणं आणि अनोळखी माणसासाठी रात्रपाळी करणं यात फार अंतर आहे. ते अंतर पार करणाऱ्या कितीतरी मुली पुढे उत्तम सिस्टर होतात. फक्त ते आहे हे फी भरायच्या आधी कळलेलं बरं.

म्हणून पहिलं काम हे कर. काकीच्या आजारपणातले ते आठ-दहा महिने डोळ्यांसमोर आण आणि शोध, नक्की कुठल्या कामात तुझं लक्ष लागत होतं. 'सगळंच मनापासून केलं' हे उत्तर चालणार नाही. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळीच्या, म्हणजे ड्रेनच्या बाटलीत किती मिली जमलं ते रोज मोजून लिहीत होतीस? वास, उलटी, जखम यांची किळस आली नाही? तर तुझा ओढा शरीराच्या देखभालीकडे आहे; नर्सिंगचाच विचार कर. की तू फाइल सांभाळलीस, कुठला रिपोर्ट कुठल्या काउंटरवर मिळतो ते दोन फेऱ्यांत पाठ केलंस, गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेच्या कार्डाचे कागद जमवलेस, शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही त्याची खोली दाखवलीस? तर तुझं काम वेगळं आहे, आणि त्याला आता नावही आहे: पेशंट नॅव्हिगेशन. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी पदवीधरांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो, 'केवट' नावाचा. रामाला गंगेपार नेणारा नावाडी तोच हा. कॉमर्सची पदवी तिथे अडसर ठरत नाही. घरच्यांच्या 'आधी बी.कॉम. पुरं कर' या म्हणण्यात तुला वाटतं त्याहून जास्त अर्थ आहे तो इथे.

काकीजवळ नुसतं बसणं, ती रडली तर रडू देणं, केस गळायला लागले तेव्हा आरसा न लपवता तिच्याशी बोलणं, हे तुला जमलं असेल आणि बाकीची धावपळ नकोशी झाली असेल, तर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन वैद्यकीय समाजसेवक होता येतं. दोन वर्षं लागतात आणि कुठल्याही शाखेची पदवी चालते. हात खांद्यावर नेण्याचे व्यायाम करून घेण्यात रस वाटला असेल तर फिजिओथेरपी, रेडिएशनच्या यंत्राचं कुतूहल वाटलं असेल तर रेडिओथेरपी तंत्रज्ञ. पण या दोन्हींना बारावी सायन्स लागतं, तेव्हा त्यांचं पुराण इथे लावत नाही.

आता तुझं मन नर्सिंगवरच आहे असं धरून पुढचं.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आठ सेमिस्टरचं. त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के आणि इंग्रजी उत्तीर्ण लागतं. कॉमर्सवरून हे दार थेट उघडत नाही. उघडायचंच असेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून सायन्सचे विषय घेऊन बारावी पुन्हा द्यावी लागेल. ते ग्राह्य धरतात, पण दहावीनंतर बायोलॉजी न पाहिलेल्या मुलीला घरी बसून फिजिक्स काढणं जड जातं. दुसरं दार जीएनएमचं, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचं. तीन वर्षांचा डिप्लोमा, बारावी कुठल्याही शाखेची, किमान ४० टक्के आणि इंग्रजी उत्तीर्ण. वयाची अट १७ ते ३५. त्यानंतर नोंदणी करून नोकरी करता येते, आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं की पदवीही हातात येते. माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी हाच रस्ता सरळ आहे. बांबोळीची सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन सगळ्यांना ठाऊक असते, पण तिथे सध्या जीएनएम आहे का ते आधी विचार. खासगी संस्थेत जाणार असशील तर भारतीय परिचर्या परिषदेची त्या वर्षाची मान्यता स्वतः तपासायची, आणि मुलांना प्रत्यक्ष वॉर्डाचं काम कुठल्या इस्पितळात, किती खाटांवर मिळतं ते विचारायचं. इमारत चकाचक आणि सरावाला पेशंट नाहीत, अशा ठिकाणी तीन वर्षं फुकट जातात.

सहा महिन्यांत 'नर्स' करून देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. त्या प्रमाणपत्रावर कुठलंही नर्सिंग कौन्सिल नोंदणी देत नाही, आणि नोंदणीशिवाय तू सिस्टर नव्हेस. जनरल ड्यूटी असिस्टंटचा काही महिन्यांचा कोर्स मात्र प्रामाणिक असतो, कारण तो सिस्टर करतो म्हणत नाही, मदतनीस करतो म्हणतो. ज्याला पाणी किती खोल ते बघायचंय त्याला तो उपयोगी.

गोव्यातच सरकारी नोकरी हवी असेल तर आणखी एक गोष्ट. जाहिरातींत १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात, कोंकणीचं ज्ञान आवश्यक असतं आणि मराठीचं असल्यास उत्तम. तू साखळीची, तुला दोन्ही येतात. शिक्षण मात्र सगळं इंग्रजीतून. प्राथमिक शाळा मराठीतून झालेल्या मुली पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या पुस्तकाला घाबरतात, दुसऱ्या वर्षी सावरतात. वॉर्डात उलट घडतं. इंग्रजीत पटापट लिहिणाऱ्या मुलीला पेशंट काय म्हणतोय तेच कळत नाही, आणि तिथे चूक महागात पडते.

त्याचंच एक उदाहरण जवळून दाखवते, म्हणजे घरची सेवा आणि वॉर्डातलं काम यांतला फरक कळेल. केमोमधलं एक औषध डॉक्सोरुबिसिन. रंग लालभडक, म्हणून पेशंट त्याला 'लाल औषध' म्हणतात. काकीलाही कदाचित तेच चाललं असेल. ते शिरेत आहे तोवर ठीक. सुई शिरेतून निसटली आणि ते बाहेर मांसात सांडलं, तर तिथली त्वचा आणि खालचा भाग जळून जातो. जखम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी फोड, मग व्रण. पेशंट कोंकणीत फक्त एवढंच म्हणतो, "सिस्टर, हात लासता," म्हणजे हात जळजळतोय. घरचं माणूस जवळ असेल तर ते काय करतं? फुंकर घालतं, हात चोळतं, 'सोस थोडं, संपत आलं' म्हणतं. प्रेमाने केलेल्या तिन्ही गोष्टी, आणि त्यातल्या चोळण्याने तर औषध आणखी पसरतं.

सिस्टर पहिल्यांदा औषध बंद करते. लगेच सुई उपसत नाही, कारण तीच कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, आता औषध परत ओढून घ्यायची वाट असते. तिला रिकामी सिरिंज लावून जेवढं येईल तेवढं हळूच ओढायचं, मग कॅन्युला काढायची, वर दाबायचं नाही. सुजलेल्या भागाची कड पेनाने आखायची, म्हणजे तासाभराने सूज वाढली की उतरली ते अंदाजाने सांगावं लागत नाही. हात उंच ठेवायचा, डॉक्टरांना बोलवायचं, वेळ आणि अंदाजे किती औषध सांडलं ते लिहायचं. या औषधाला थंड शेक, १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा; थंडाव्याने शिरा आक्रसतात आणि औषध आहे तिथेच थोपतं. पण सांडलेलं औषध विन्क्रिस्टिन हे केमोचं दुसरं औषध असेल तर नेमकं उलट, गरम शेक, कारण ते थोपवायचं नसतं, पसरवून विरळ करायचं असतं. 'हात लासता' या दोन शब्दांनंतरच्या मिनिटाभरात हे सगळं आठवावं लागतं, आणि तेव्हा बाकीच्या पाच खाटांवर सलाइन चालूच असतं.

तू हे काकीच्या वेळी बघितलं नसशील. बघितलं नसेल, तर तुमच्या वाट्याला चांगली सिस्टर आली होती.

दुसरी गोष्ट तापाची. केमो दिल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांच्या मध्ये पांढऱ्या पेशी तळाला जातात. या काळात एकदा १०१ फॅरनहाइट, किंवा १००.४ ताप तासभर टिकला, की ती तातडीची वेळ. खोकला नाही, पू नाही, जखम लाल नाही, 'साधा ताप' दिसतो. पण पू व्हायलाही पांढऱ्या पेशीच लागतात, त्या नाहीत म्हणून तर काही दिसत नाही. घरी पॅरासिटामॉलची गोळी देतात, ताप उतरतो, सगळे निजतात, आणि सकाळी पेशंट बीपी पडलेल्या स्थितीत येतो. इस्पितळात पोचल्यापासून एका तासाच्या आत पहिलं अँटिबायोटिक जायला हवं, असा दंडक आहे. म्हणून डिस्चार्जच्या वेळी सिस्टर थर्मामीटर घेऊन सांगते: आधी मोज, लिही, फोन कर, गोळी नंतर. हे सांगताना तिला गावही माहीत असावं लागतं. वाळपईच्या पलीकडच्या वाड्यावरून रात्री गाडी मिळणार का, हे तिने आधीच विचारून ठेवलेलं असतं.

चवथीच्या आधी प्रत्येक पेशंट एकच गोष्ट मागतो: सायकल, म्हणजे केमोची पुढची फेरी, पुढे ढकला, घरी गणपती आहे. इथे नवशिकी सिस्टर एक तर 'नाही म्हणजे नाही' म्हणते, नाहीतर दया येऊन 'या नंतर' म्हणते. दोन्ही चूक. ढकलायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, पण ते त्यांच्या कानावर महिनाभर आधी गेलं तर तारखांची सांगड बऱ्याचदा बसते. आदल्या दिवशी सांगितलं तर पेशंट न सांगता गैरहजर राहतो, आणि पुढची सगळी तारीखवारी विस्कटते.

तोंड आलेल्या पेशंटला गुळण्यांसाठी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, गिळायचं नाही. पेज चालते, सोलकढी आणि खारं नको. हे तुला पाठ असेलच. मुद्दा असा की काकीला तू हे सांगितलंस तर तिने ऐकलं. वॉर्डातला पासष्ट वर्षांचा माणूस तुझ्यासारख्या पोरीचं ऐकत नाही, चिडतो, त्याला बेडपॅन द्यायला तू आलीस म्हणून लाजतो आणि लाज झाकायला खेकसतो. त्याच्यावर तुझं प्रेम नाही, असायचं कारणही नाही. तरी त्याचं तोंड तितक्याच नीट तपासायचं, जिभेखाली टॉर्च मारून.

घरच्या आजारपणातून आलेल्या मुलींची एक ताकद असते: वेटिंगमधल्या नातेवाइकाच्या पोटात काय कालवतंय ते त्यांना शिकवावं लागत नाही. तोच त्यांचा कच्चा दुवाही ठरतो. पहिली चूक म्हणजे पेशंटला 'आमच्या काकीलाही हेच झालेलं, ती बघा आता ठणठणीत' असं सांगणं. गाठीचा प्रकार वेगळा, टप्पा वेगळा, औषध वेगळं. काकी बरी झाली म्हणून ही होईल हे कुणी सांगावं? आणि नाही झाली तर त्या घराला तुझं वाक्य आठवत राहतं. दुसरी, ड्यूटी संपल्यावर हॅन्डओव्हर देऊन न निघणं. दुसऱ्या सिस्टरच्या हाती पेशंट सोपवता येत नसेल, तर तो जिव्हाळा वॉर्डाच्या कामाचा नाही. तिसरी चूक रागाची. काही मुली या व्यवसायात रागाने येतात: आमच्या माणसाला कुणी नीट सांगितलं नाही, तासन्‌तास बसवून ठेवलं. राग वाईट नाही, पण तो बारीक करून घ्यावा लागतो. 'इस्पितळं वाईट' या रागाचं काही होत नाही. 'लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते हे कुणी सांगितलं नाही, काकी रक्त समजून रात्रभर घाबरली' या रागातून, ते प्रत्येकाला न चुकता सांगणारी सिस्टर होते.

तुझी काकी तपासणीवर आहे, हेही हिशेबात धर. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते आणि प्रत्येक वेळी घर श्वास रोखून बसतं. त्याच आठवड्यात तुझी परीक्षा किंवा कॅन्सर वॉर्डातली पोस्टिंग येऊ शकते. क्लास टीचरला आधी सांगून ठेवलं तर पोस्टिंग मागेपुढे करून मिळते; न सांगता रडत उभं राहिलं तर कुणालाच काही कळत नाही. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना मी सांगते, वर्षश्राद्ध होईपर्यंत फी भरू नका. नियम नाही हा, पण दुःखात घेतलेला प्रवेश पुष्कळदा दुसऱ्या वर्षी सुटतो. तुझ्या बाबतीत तेवढं थांबायचं कारण दिसत नाही. (आणि मनात असेल म्हणून सांगते: काकी रक्ताच्या नात्यातली नव्हे, तिच्या आजाराने तुझा धोका वाढत नाही. तिला मुलगी असेल तर तिने मात्र कधीपासून आणि कुठली तपासणी करायची ते डॉक्टरांना विचारावं.)

थेट कॅन्सर नर्सिंगमध्ये उडी घेता येत नाही, आणि घेऊही नये. आधी मेडिसिन, सर्जरी, कॅज्युअल्टी, सगळीकडे हात बसू दे. नोंदणीनंतर किमान वर्षभर काम केलं की ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो; टाटा मेमोरियलमध्ये तो आहे. तिथे केमो हाताळताना दोन-दोन हातमोजे का, उलटीचं भांडं कसं टाकायचं, त्वचेखाली बसवलेल्या पोर्टला (केमो द्यायच्या कायमच्या वाटेला) सुई कशी लावायची हे रीतसर शिकवतात.

आता पारखून कसं बघायचं ते. बी.कॉम.चं दुसरं वर्ष संपेपर्यंत तुझ्याकडे वेळ आहे. लोटलीला शांती अवेदना सदन आहे; मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या संस्थेची ही गोव्यातली शाखा, जिथे इलाज संपलेल्या कॅन्सर रुग्णांची मोफत देखभाल होते. मदतीला येऊ का असं तिथे विचार. नसेल जमत तर गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या कुणाच्याही घरी जा, कॅन्सरच हवा असं नाही. माणूस मात्र नात्यातलं नको. दर दोन तासांनी कूस बदलायला मदत कर. पाठीवर लाल डाग दिसतोय का बघ, बोटाने दाबल्यावर तो पांढरा होतो की तसाच लाल राहतो ते बघ. तसाच राहिला तर तिथे व्रणाची सुरुवात आहे. त्या घरातला पेला आधी मापून घे, कुठे १५० मिली असतो, कुठे २५०. मग दिवसभरात आत किती गेलं आणि लघवी किती झाली ते लिही. 'बरंच प्यायले' असं लिहिलंस तर ती भावना झाली, नोंद नव्हे.

महिनाभर आठवड्यातून दोन दिवस असं केल्यावर स्वतःला तीन गोष्टी विचार. घरी आल्यावर जेवण गेलं का. रात्री झोप लागली का. आणि ज्या दिवशी त्या माणसाने आभार तर सोडाच, शिवी दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलीस का. तिन्हींना हो असेल तर जीएनएमची माहितीपुस्तिका आण, 'तुझ्या घरच्यांशी मी बोलते' म्हणेल अशी एखादी सिस्टर गावात बघ. तिसऱ्याला नाही असेल तर बी.कॉम. पुरं करून केवटचा किंवा समाजकार्याचा अर्ज भर. पेशंटला सिस्टर जितकी लागते तितकाच योग्य काउंटर दाखवणाराही लागतो, हे तू बांबोळीला बघितलंच आहेस.

मुलाखतीत 'नर्सिंगच का' विचारतील तेव्हा काकीची गोष्ट दोन वाक्यांत संपव, तिचं नाव आणि रिपोर्ट सांगू नकोस. त्याऐवजी त्या ताप मोजलेल्या, मिली लिहिलेल्या वहीबद्दल बोल. आणि काकीच्या पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा गर्दी ओसरल्यावर तिथल्या सिस्टरला विचार: महिन्यात रात्रपाळ्या किती येतात, आणि रात्रपाळीहून घरी जायला पहिली कदंब बस किती वाजता मिळते.